नागासाकीतला नाताळ

जपानमध्ये २५ डिसेंबरला सुट्टी नसते. बँका, टपाल कार्यालये, कारखाने आणि दवाखाने रोजच्यासारखे सुरू असतात, आणि ख्रिस्ती माणसेसुद्धा आदल्या रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आटोपून सकाळच्या ट्रामने कामावर जातात. वसईच्या ज्या वाडीत मी लहानाची मोठी झाले तिथे डिसेंबर लागला की घरोघरी चांदण्या लागतात, मुले ख्रिस्तजन्माच्या गोठ्यासाठी पेंढा आणि माती जमवतात, पसरट भांड्यात गहू पेरून त्याचे हिरवे शेत गोठ्यापुढे मांडतात, आणि २४ तारखेच्या रात्री म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळे गाव चर्चच्या वाटेला लागते. त्या वाडीतून निघून मी एका मिशनरी संघाची सिस्टर म्हणून नागासाकीला आले, त्याला आता काही वर्षे झाली. सकाळी बालवाडीत शिकवणे, दुपारनंतर पॅरिशची, म्हणजे इथल्या चर्चच्या भाविकांच्या समूहाची, कामे आणि रात्री जपानी भाषेचा अभ्यास असा माझा दिनक्रम आहे.

दर डिसेंबरमध्ये घरून, नातेवाइकांकडून आणि व्रतस्थ जीवनाचा विचार करणाऱ्या आमच्याकडच्या मुलींकडून एकच प्रश्न येतो, की सणासुदीला परक्या देशात करमते का. आठवण येते, हे मी कधीच लपवत नाही. तळणीतून निघणाऱ्या फुग्यांचा, म्हणजे पिठाच्या फुगीर गोळ्यांचा, वास, वडिलांनी बांबूच्या कामट्या बांधून केलेली चांदणी, गायनवृंदाच्या सरावाला जाताना अंगावर घेतलेली शाल, हे सगळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु माझ्या इथल्या नाताळाचा तो फार छोटा भाग आहे, आणि उरलेल्या मोठ्या भागाविषयी मला कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतले. मिशनरी म्हटले की दूरदेशी काहीतरी घेऊन जाणारी व्यक्ती आपल्या मनात येते. नागासाकीत मात्र मिशनरी पोहोचते तेव्हा नाताळ तिच्या कितीतरी आधीपासून तिथे असतो, आणि तोही अशा लोकांनी जपलेला, ज्यांच्याजवळ सात पिढ्या एकही धर्मगुरू नव्हता.

बाजारातल्या नाताळाबद्दल आधी थोडक्यात सांगते. नोव्हेंबर संपता संपता जपानची सगळी शहरे दिव्यांनी उजळतात. २४ तारखेच्या संध्याकाळी तरुण जोडपी फिरायला आणि जेवायला बाहेर पडतात, घरोघरी स्ट्रॉबेरी आणि पांढऱ्या क्रीमचा केक येतो, आणि केंटकीच्या (केएफसीच्या) तळलेल्या चिकनसाठी लोक कित्येक दिवस आधी नाव नोंदवून ठेवतात. ती प्रथा १९७४ साली देशभर चाललेल्या एका जाहिरात मोहिमेतून रुजली. या देशात कॅथलिकांची संख्या लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे बहुसंख्य लोकांसाठी हा उजेडाचा आणि आपल्या माणसाला काहीतरी देण्याचा एक दिवस असतो. काही मिशनरी या झगमगाटाबद्दल नाराजीने बोलतात. मला तसे वाटत नाही. जो माणूस वर्षभर रात्री दहापर्यंत कामावर असतो तो त्या एका संध्याकाळी हातात केकचा खोका घेऊन वेळेवर घरी जातो, याचा मला आनंदच होतो.

आमच्या सिस्टरांच्या घरात हा काळ खऱ्या अर्थाने ३ डिसेंबरला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाने सुरू होतो. गोव्यात त्यांचे पार्थिव आहे, ते वसईलाही येऊन गेलेले होते, आणि १५४९ साली गोव्याहून निघून १५ ऑगस्टला कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरून त्यांनीच जपानमध्ये शुभवर्तमानाची सुरुवात केली. म्हणून त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जपानी सिस्टर मला हटकून गोव्याबद्दल विचारतात, आणि मी त्यांना जुन्या गोव्यातली गर्दी, नोव्हेंबरच्या अखेरीस पायी निघणारे यात्रेकरू आणि बॉम जीझस बॅसिलिकेतली चांदीची पेटी यांचे वर्णन करून सांगते. झेवियर स्वतः जपानमध्ये जेमतेम दोन वर्षे राहिले. त्यांचे सहकारी कोस्मे द तोरेस मागे थांबले, आणि १५५२ साली यामागुची गावात त्यांनी जपानी भाविकांसोबत नाताळची मिस्सा साजरी केली. जपानमधला नोंद झालेला पहिला नाताळ तोच मानतात, आणि यामागुची शहर आजही दर डिसेंबरमध्ये ती आठवण अभिमानाने मिरवते.

त्यानंतर जे घडले ते मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरूंना हाकलले गेले किंवा मारले गेले, आणि येशू-मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून लोकांची परीक्षा घेतली जाऊ लागली. १६४४ मध्ये शेवटचा धर्मगुरू मारला गेला. पुढे दोनशेहून अधिक वर्षे नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी गुप्तपणे बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडी शिकवल्या, आणि सणांचे दिवस चुकू नयेत म्हणून १६३४ सालच्या कालगणनेवर आधारलेली एक दिनदर्शिका हातोहात जपली. ती बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाची दिनदर्शिका म्हणून ओळखली जाते. पकडले गेल्यास मरण ठरलेले असताना या लोकांनी कागदावर सर्वांत आधी काय वाचवले, तर नाताळ कधी आणि ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ कधी, याचा हिशोब. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

१८६५ साली परदेशी व्यापाऱ्यांसाठी म्हणून नागासाकीच्या ओउरा भागात एक नवे चर्च सुरू झाले. जपानी माणसांवरची बंदी तेव्हा कायम होती. त्या वर्षी १७ मार्चच्या दुपारी उराकामी खेड्यातले काही स्त्री-पुरुष चर्चच्या दाराशी आले, आणि आत प्रार्थना करीत बसलेल्या फादर पेतिजाँ या फ्रेंच धर्मगुरूंच्या जवळ जाऊन एका बाईने हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि मारियेची मूर्ती कुठे आहे ते दाखवा. फादरांनी त्यांना मूर्तीपुढे नेले. मारियेच्या हातातल्या बाळाकडे पाहून ती माणसे जे बोलली ते फादरांनी पत्रात लिहून ठेवले आहे. प्रभूचा सण आम्ही अकराव्या महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पाळतो, असे ती म्हणाली. त्या दिवशी मध्यरात्री तो गोठ्यात जन्मला, गरिबीत आणि कष्टात वाढला, आणि तेहतिसाव्या वर्षी आमच्या तारणासाठी क्रुसावर मेला, असे आम्हांला शिकवले आहे. आणि सध्या आमचा दुःखाचा काळ सुरू आहे, तो तुम्हीही पाळता का? फादरांनी उत्तर दिले, की होय, आज उपवासकाळाचा सतरावा दिवस आहे. दोन्हीकडचा हिशोब जुळला होता.

ओउराचे ते चर्च आजही उभे आहे. डिसेंबरमध्ये एखाद्या दुपारी काम लवकर संपले तर मी तिथे जाऊन बसते. आमच्या घरातल्या वयाने सर्वांत ज्येष्ठ सिस्टर गोतो बेटांवरच्या अशाच एका गुप्त ख्रिस्ती घराण्यातल्या आहेत. त्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, पाठ वाकली आहे, तरी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, मेणबत्त्यांचे चक्र हिरव्या फांद्यांनी सजवण्याचे काम त्या दुसऱ्या कोणाला देत नाहीत. त्यांच्या शेजारी बसून फांद्या कापून देताना मी स्वतःला या भूमीतली शिक्षिका समजू शकत नाही. माझ्या पूर्वजांजवळ वसईत चर्च होते, घंटा होती, फादर होते, मिरवणुका होत्या. त्यांच्या पूर्वजांजवळ दारे लावून पुटपुटलेल्या प्रार्थना होत्या. त्या मला काय शिकवतात आणि मी त्यांना काय शिकवणार, याबद्दल माझ्या मनात शंका राहिलेली नाही.

आता बालवाडीबद्दल लिहिते, कारण डिसेंबरमधला माझा बहुतेक वेळ तिथेच जातो. जपानमधल्या जवळजवळ प्रत्येक कॅथलिक बालवाडीत नाताळच्या सुमारास ख्रिस्तजन्माचे नाटक होते, आणि त्यात काम करणारी बहुसंख्य मुले बौद्ध किंवा शिंतो परंपरेच्या घरांतली असतात. आमच्याकडेही तसेच आहे. पाच-सहा वर्षांच्या सर्वांत मोठ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला भूमिका मिळालीच पाहिजे, असा नियम असल्यामुळे मेंढपाळ भरपूर असतात, देवदूतांची रांग लांबलचक असते आणि मारियेचे संवाद दोघी-तिघींत वाटून दिले जातात. सराव नोव्हेंबरपासून चालतो. मला सर्वांत आवडणारे काम म्हणजे मेंढ्या झालेल्या लहानग्यांना शिकवणे, की देवदूत बोलत असताना इकडेतिकडे रांगायचे नाही. ती मुले इतक्या गांभीर्याने हातापायांवर बसून राहतात, की पाहणाऱ्याचे डोळे भरून यावेत.

या वर्षी नाटक संपल्यावर पालक फोटो काढण्यात गुंतले होते, तेव्हा एका मुलाची आजी व्यासपीठाजवळ आली. तिच्या घरी पूर्वजांचा बौद्ध देव्हारा आहे आणि रोज सकाळी ती त्याच्यापुढे वाफाळता भात ठेवते, हे नातवाने वर्गात अनेकदा सांगितले आहे. तिने पिशवीतून एक संत्रे काढले, इकडे डिसेंबरमध्ये प्रत्येक घरात असते तसले पातळ सालीचे, आणि मला विचारले, की बाळाला हे ठेवले तर चालेल का. मी हो म्हटले. तिने ते गव्हाणीच्या कडेला, बाहुलीच्या पायांशी ठेवले, देठ पुढे येईल असे बोटाने फिरवून नीट केले, दोन्ही हात जोडले आणि कंबरेतून वाकून नमस्कार केला. नातू बाजूला मेंढपाळाच्या वेशात उभा होता. त्यानेही हात जोडले, आणि मग तो आजीला समजावू लागला, की हे बाळ थंडीत जन्मले आणि त्याला जागा मिळाली नव्हती.

आपल्याकडे मिशनरी म्हटले की लगेच धर्मांतराची चर्चा सुरू होते, म्हणून माझे मत स्पष्ट लिहिते. त्या आजीला मी काही पटवून देण्याचा प्रयत्न केला नाही, आणि तिने ख्रिस्ती व्हावे म्हणून ते संत्रे मी मनात मोजूनही ठेवले नाही. आमच्या पॅरिशमध्ये प्रौढांचे बाप्तिस्मे अगदी थोडे होतात, तेही स्वतःहून मागणी करणाऱ्यांचे, दीर्घ तयारीनंतर आणि बहुधा पुनरुत्थानाच्या सणाला. माझे काम त्या मुलाला गोष्ट खरेपणाने सांगणे आणि आजीसाठी दार उघडे ठेवणे एवढेच आहे, आणि ते मला पुरेसे वाटते. गोष्ट सांगण्यात मात्र मी हात आखडता घेत नाही, कारण माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे.

पॅरिशमधला नाताळ वेगळ्याच माणसांनी भरलेला असतो. जपानच्या गोद्या, शेते, मासळीचे कारखाने आणि वृद्धाश्रम गेली कित्येक वर्षे व्हिएतनाम, फिलिपिन्स, इंडोनेशिया येथून आलेल्या तरुणांवर चालतात. त्यांतले अनेक जण तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून येतात, गावी कर्ज काढून येतात, आणि चार-चार जण एका खोलीत राहून पैसे घरी पाठवतात. व्हिएतनामच्या न्घे आन प्रांतातून आलेल्यांत कॅथलिक मुले बरीच असतात. त्या भागात नाताळचा गोठा म्हणजे डोंगरातली गुहा असते, आणि ती गुहा जाड कागद चुरगाळून, त्यावर राखाडी-काळा रंग मारून उभी करतात. यंदा आमच्या चर्चमधला गोठा त्यांनीच केला. सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या धुऊन, चुरगाळून, तारेवर चढवून त्यांनी असा कडा रचला, की जपानी आजोबांनी जवळ जाऊन हात लावून पाहिला. फिलिपिन्सच्या बायकांची रीत आणखी निराळी. त्यांच्याकडे १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सा असते. इथे वृद्धाश्रमातल्या पाळ्यांमुळे पहाटे येणे जमत नाही, म्हणून त्या कामावरून सुटल्यावर रात्री जमून नऊ दिवसांची प्रार्थना करतात, आणि ज्यांची रात्रपाळी असते त्या फोनवरून तिच्यात सामील होतात.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी या सगळ्यांसोबत सभागृहाच्या स्वयंपाकघरात कुलकुल हा नाताळचा तळलेला गोड पदार्थ करायला बसले. मैदा आणि लोणी इथे सहज मिळते, नारळाचे दूध व्हिएतनामी दुकानातून आणले, आणि शंभर येनच्या दुकानातून नवे कोरे कंगवे घेतले. पिठाची लहानशी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबायची आणि एका दमात गुंडाळून सोडायची, म्हणजे शंखासारख्या रेघा उठतात. जोर जास्त झाला की पीठ दातांत अडकते, कमी झाला की तेलात ते उलगडते. गोदीत वेल्डिंग करणाऱ्या एका मुलाला हे सर्वांत आधी जमले. त्याच्या बोटांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते, आणि तीच बोटे एकसारख्या मापाची कुलकुल इतक्या भराभर सोडत होती, की तळणीजवळ उभ्या असलेल्या बाईला दुसरी कढई चढवावी लागली. आम्हां सर्वांना समजणारी भाषा एकच, ती म्हणजे मोडकीतोडकी जपानी. त्या जपानीत त्याने मला सांगितले, की आईला नाताळ असल्याचे सांगू नका, नाहीतर ती रडेल. आणि मग त्यालाच आठवले, की आईच्या गावात आज गुहा रंगवून झाली असेल. त्याने फोन काढून तिला आमची कढई दाखवली.

मला त्या वेळी वसईची आठवण आली ती खाण्यामुळे नव्हे. वसई पूर्वेला वालीव, सातिवलीच्या कारखान्यांत देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले कामगार राहतात, आणि त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबेही असतात. आम्ही लहान असताना ती माणसे मिस्साला मागच्या बाकांवर बसत आणि प्रसाद संपताच निघून जात. नाताळच्या दिवशी त्यांच्या खोल्यांत कोण जात असे, हे मला आठवत नाही. आता दर नाताळला मी घरी फोन करते तेव्हा धाकट्या भावाला विचारते, की यंदा तुमच्या युवकगटातले कोणी तिकडे गाणी म्हणायला गेले का. गेल्या वर्षी ते गेले होते, आणि यंदाही जाणार आहेत.

२४ तारखेची आमची मिस्सा संध्याकाळी सात वाजता असते. दाराशी चपला-बूट काढून आत यायचे, वयस्क बायकांनी डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी घ्यायची, ही इथली जुनी पद्धत मला पहिल्यांदा पाहिली तेव्हाच आपलीशी वाटली. त्या एका रात्री जे ख्रिस्ती नाहीत असे पुष्कळ लोकही येतात, काही केवळ गाणी ऐकायला, काही दिव्यांसाठी, काही कसले तरी दुःख घेऊन. त्यांना पुस्तकातले पान काढून देणे, कधी उभे राहायचे ते हळूच सांगणे आणि प्रसादाच्या वेळी आशीर्वादासाठी पुढे आणणे, हे माझे काम. जपानची घड्याळे भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असतात. आमची मिस्सा सुरू होते तेव्हा वसईत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि आई तळणाच्या घाईत असते. तिकडे मध्यरात्र होते तेव्हा इकडे पहाटेचे साडेतीन. त्या वेळी गजर लावून उठण्याची मला परवानगी आहे, आणि मोबाइलवर आमच्या गावच्या चर्चची घंटा ऐकून मी पुन्हा झोपते.

इथल्या घंटेचीही एक हकिकत आहे. बंदी उठल्यावर, १८७३ नंतर, श्रद्धेपायी झालेल्या हद्दपारीतून परतलेल्या उराकामीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवून एक भव्य विटांचे चर्च उभारले होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब त्या चर्चपासून सुमारे ५०० मीटरवर फुटला. आत पापनिवेदनासाठी जमलेल्यांपैकी आणि त्यांची पापनिवेदने ऐकणाऱ्या धर्मगुरूंपैकी कोणीही वाचले नाही. पॅरिशमधल्या सुमारे १२ हजार लोकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मृत्यू पावले. दोन मनोऱ्यांतल्या दोन घंटांपैकी एक फुटली, दुसरी ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली. उरलेल्या माणसांनी ती खणून काढली, लाकडी ओंडक्यांना टांगली आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाजवली. ज्यांच्या घरात दिवा लावायला छप्पर नव्हते आणि ज्यांनी चार महिन्यांपूर्वी आपल्या लेकरांची हाडे बादलीत गोळा केली होती, त्या माणसांनी हे केले. फुटलेल्या घंटेची जागा त्यानंतर ८० वर्षे रिकामी होती. अमेरिकेतल्या कॅथलिक भाविकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. यंदाच्या नाताळात आम्ही त्या दोघींचा आवाज ऐकला. ज्येष्ठ सिस्टर खिडकी उघडून उभ्या होत्या, आणि थंडी आत येत असूनही कोणी ती लावून घ्या म्हणाले नाही.

नाताळच्या दुपारी आम्हांला थोडी मोकळीक मिळते, आणि मी दरवर्षी निशिझाकाच्या टेकडीवर जाते. नागासाकी स्थानकापासून ती पायी काही मिनिटांवर आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथे २६ जणांना क्रुसावर मारले, आणि त्यांत वसईचे गोन्सालो गार्सिया होते. त्यांची आई तिथलीच आणि वडील पोर्तुगीज होते. वसईत येशूसंघीयांकडे (जेझुइट धर्मगुरूंकडे) शिकलेला हा मुलगा कोवळ्या वयातच त्यांच्यासोबत जपानला आला, इथली भाषा उत्तम शिकला, पुढे व्यापारात पडला, आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. १५९३ साली फिलिपिन्सहून आलेल्या शिष्टमंडळात सत्ताधीश हिदेयोशीपुढे दुभाषा म्हणून तोच उभा राहिला. १५९६ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या घरांभोवती पहारा बसला. म्हणजे वसईच्या त्या मिशनऱ्याचा शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. जानेवारीच्या सुरुवातीला क्योतोत त्यांतल्या २४ जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला, आणि मग भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. त्यांच्यात तीन लहान मुले होती. चौदा-पंधरा वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिले, की माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ. ते पत्र पोहोचले नाही. क्रुसावर मारलेल्या वडिलांच्या अंगावर सापडले. ओउराचे चर्च याच २६ जणांच्या नावाने उभे आहे, हे मला इथे आल्यावर कळले, आणि उराकामीची ती माणसे ज्या दारातून आत आली त्या दारावर वसईच्या मुलाचाही हक्क आहे, याचा मला खोल आनंद झाला. १८६२ साली या २६ जणांना संत घोषित करण्यात आले. त्याची शताब्दी साधून १९६२ साली टेकडीवर ब्राँझच्या आकृतींचे स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. मी गोन्सालोंच्या आकृतीपुढे उभी राहून मराठीत प्रार्थना म्हणते, मोठ्याने.

२६ तारखेच्या सकाळी शहरातले नाताळवृक्ष नाहीसे झालेले असतात आणि दुकानांच्या दारांवर नववर्षाचे पाइनच्या फांद्यांचे आणि पेंढ्याच्या दोराचे तोरण लागते. जपानी माणसाचा खरा कुटुंबाचा सण तो. आम्हीही घर धुऊन काढतो, नववर्षाची पोस्टकार्डे लिहून झालेली असतात, ३१ तारखेच्या रात्री गरम सोबा (एक प्रकारच्या शेवया) खातो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास शेजारच्या बौद्ध मंदिरातून १०८ वेळा वाजणारी घंटा ऐकतो. १ जानेवारीच्या, देवमाता मारियेच्या सणाच्या मिस्साला आमचे चर्च नाताळच्या सकाळपेक्षा अधिक भरते, कारण तोक्यो-ओसाकाला गेलेली मुले-नातवंडे त्या दिवशी घरी आलेली असतात. गोठ्यातला कागदी कडा तेव्हा अजून जागच्या जागी असतो, आणि व्हिएतनामी मुले ओळीने उभी राहून त्याच्यापुढे फोटो काढून घेतात.

यंदा ५ फेब्रुवारीला आमच्या पॅरिशमधला एक गट चालत निशिझाकाला जाणार आहे, आणि तिथे एक प्रार्थना मराठीत म्हणावी असे त्यांनी मला सांगितले आहे. ती मी जानेवारीत लिहिणार आहे. गावी गोन्सालोंच्या सणाला पूर्वी ज्या ओळी म्हणत असत त्या आईला पाठ आहेत, आणि रोज संध्याकाळी फोनवर त्यांतल्या दोन-दोन ओळी ती मला लिहून घ्यायला लावते.